शनिवारी आम्ही चुना मारतो

वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं

लेंत, म्हणजे ईस्टर या पुनरुत्थानाच्या सणाआधीचे उपवासाचे दिवस, सुरू झाले की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी सुनेविषयी, मुलांच्या शिक्षणाविषयी, जमिनीच्या वाटणीविषयी लिहिणारी माणसं या दिवसांत गेलेल्यांविषयी लिहितात. या अंकासाठी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं. ते कापू नका, अशी संपादकांना विनंती केली आणि त्यांनी ती मानली.

सलाम मावशी,

माझा धाकटा मुलगा बावीस वर्षांचा होता. गेल्या ऑगस्टमध्ये रात्री कामावरून येताना त्याची मोटारसायकल घसरली आणि तो जागीच गेला. पावसानं रस्ता निसरडा झाला होता, कुणाची चूक नव्हती. सात महिने झाले. चर्चच्या मंडळीतली माणसं चांगली आहेत, पण सगळी एकच बोलतात. देवाची इच्छा होती. देवाला चांगली फुलं लवकर लागतात. रडू नको, रडणं म्हणजे अविश्वास. मी दर रविवारी जाते, पण गीत सुरू झालं की तोंडच उघडत नाही. पूर्वी मी पहिल्या बाकावर बसून गायचे. घरी हे काही बोलत नाहीत. मुलाचं हेल्मेट दारामागच्या खिळ्याला आहे, ते रोज पुसतात आणि परत टांगतात. आता ईस्टर येतोय. ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ हे वचन मी कुठल्या तोंडानं म्हणू? मला आशा आहे की नाही, हेच मला कळत नाही.

— एक आई, चिंचवड

सलाम बाई. मावशी म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हेल्मेटपाशी थांबले. त्याविषयी शेवटी लिहीन. आधी ते ‘रडू नको’ बघू.

शुभवर्तमानात प्रभू येशूनं एका आईला ‘रडू नको’ म्हटलेलं आहे, लूकच्या सातव्या अध्यायात. नाईन नावाच्या गावाच्या वेशीतून एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची तिरडी निघाली होती. प्रभू समोरून आला, त्याला तिचा कळवळा आला, ‘रडू नको’ म्हणाला, तिरडीला हात लावला आणि पोरगा उठून बसला. मग त्यानं तो मुलगा आईच्या हवाली केला. ज्याला मुलगा परत हातात देता येतो, त्यानं ‘रडू नको’ म्हणावं. तुझ्या मंडळीतल्या बायांना ते जमत नाही, मलाही जमत नाही. मग ते वाक्य आमच्या तोंडी शोभत नाही, आणि तू ते ऐकून घ्यायलाच हवं असंही काही नाही.

आता बेथानीला ये. मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर, त्याला पुरून चार दिवस झाल्यावर प्रभू पोचला. मार्था गावाबाहेर सामोरी गेली आणि म्हणाली, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ मागून मरीया आली, तिनंही हेच वाक्य म्हटलं. चार दिवस त्या दोघी घरात हेच बोलत बसल्या असणार, असं मला नेहमी वाटतं. आपल्याकडे माणूस गेलं की दुसरं काय चालतं? त्या दिवशी सुट्टी घेतली असती तर. पाऊस नसता तर. प्रभूनं दोघींपैकी एकीलाही अविश्वासू म्हटलं नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेजवळ मात्र ‘त्याला कुठं ठेवलंय’ एवढंच विचारलं आणि रडला. थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारून कबरीतून उठवणार आहोत, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून रडला. मग पुनरुत्थानावर भरवसा असलेल्या माणसानं रडू नये, हे कुणी कुठून आणलं?

आणि देवाला फुलं लागतात, असं शास्त्रात कुठंही नाही. तुझा मुलगा का गेला, हे मला माहीत नाही. पाऊस होता, रस्ता ओला होता. त्यापलीकडची कारणं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. लेकरं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर चांगले होते. मग त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवरच.

माझं सांगते.

१९८१ साली आमची थोरली मुलगी गेली. चार वर्षांची होती. पावसाळ्यात ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं संपलं. मी नर्स, दुसऱ्यांच्या लेकरांचे ताप उतरवणारी. हे पाळक होते, तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या मंडळीत. नदीला पाणी आलेलं, दुसरे पाळकसाहेब पोचू शकले नाहीत, म्हणून तिचा दफनविधी यांनाच करावा लागला. ‘मातीला माती’ म्हणताना त्यांचा आवाज फुटला नाही. मला त्याचा कितीतरी दिवस राग होता. त्यानंतर आमच्या घरातही तुझ्या घरासारखंच होतं. हे बोलत नसत. दफनभूमीची एका बाजूची भिंत पडलेली होती, ती हे रोज संध्याकाळी जाऊन थोडी थोडी रचत. अंधार पडला की हात धुऊन जेवायला बसत.

आमच्या मंडळ्यांत ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीत होते. अंधारात कंदील घेऊन जायचं आणि सूर्य वर येताना गायचं. आदल्या दिवशी, शनिवारी, ज्यानं त्यानं आपापल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, गवत उपटायचं, चुना मारायचा. मी ठरवलं होतं, या वर्षी जायचं नाही. शनिवारी दुपारी मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई दारात आल्या. सगळं गाव त्यांना आजी म्हणे. पाच लेकरं झालेली, त्यांतली तीन पुरलेली. एका हातात भिजवलेल्या चुन्याची बादली, दुसऱ्या हातात केकताडाचा कुंचा. म्हणाल्या, “हाताला तेल लाव. चुन्यानं उलतात.” वचन सांगितलं नाही, प्रार्थना केली नाही.

कबर केवढी, तर माझ्या अडीच हातांची. आजींनी चुन्यात थोडी नीळ आणि मूठभर मीठ टाकलं होतं. मी कुंचा फिरवायला लागले आणि बघते तर चुना धरतच नाही. दगड नुसते ओले होत होते, मळकट पाण्यासारखं काहीतरी पसरत होतं, खालचा काळा दगड तसाच दिसत होता. दुसरा हात दिला. तेच. पोरगी गेल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते. त्या चुन्यावरून रडले. म्हटलं, आजी, चुना खराब आहे, काही पांढरं होत नाही. आजी म्हणाल्या, “ओला आहे गं. ओला चुना पांढरा दिसत नसतो. चल आता घरी.”

पहाटे फाटकातून आत गेलो. सगळ्याच कबरी पांढऱ्या होत्या, पण मला अंधारात आधी तीच दिसली. मी त्या दिवशी गायले नाही. आजी माझ्या शेजारी उभ्या राहून बेसूर आणि मोठ्यानं गात होत्या, मी ऐकत होते. पुढच्या ईस्टरलाही गायले नाही. तिसऱ्या वर्षी एका कडव्यापुरतं तोंड उघडलं.

म्हणून म्हणते, गाण्याचं मनाला लावून घेऊ नको. मंडळी असते ती याचसाठी. आज तू गप्प बसायचं, बाकीच्यांनी गायचं. उद्या त्यांच्यातली एखादी गप्प बसेल, तेव्हा तू गाशील. पहिला बाक सोड आणि दाराजवळच्या बाकावर बस. असह्य झालं की उठून बाहेर जाता येतं, पाणी पिऊन परत येता येतं. आणि आनंदाची स्तोत्रं वाचवत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं वाच. त्याचा शेवट अंधारातच होतो. शेवटी प्रकाश वगैरे काही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, आणि शेकडो वर्षं माणसं ते देवासमोर वाचत आली आहेत.

तुझा खरा प्रश्न आशेचा आहे. त्यासाठी बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक उघड. पाचच अध्याय आहेत. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लेकरं भुकेनं रस्त्यात मेली, त्यानंतरचं हे रडणं. हिब्रू मुळाक्षरं बावीस. पहिले चार अध्याय त्या अक्षरांच्या क्रमानं बांधलेले आहेत, म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत एकही अक्षर रडल्यावाचून सोडलेलं नाही. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे जे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, चौकट करून भिंतीला लावतो, ते याच पुस्तकातलं. पण ते कुठं आहे ते बघ. तिसऱ्या अध्यायात, अगदी मधोमध. त्यानंतर रडणं थांबतं का? नाही. पुढे आणखी दोन अध्याय तीच भूक, तीच राख. आणि शेवटच्या ओळीत तर देवालाच विचारलंय, तू आम्हाला अगदीच टाकून दिलंस का?

माझी कितीतरी वर्षं अशी समजूत होती की आधी रडून संपायचं आणि मग आशा येते. आपलं रडणं संपत नाही म्हणजे आपल्याकडे आशा नाही. हे पुस्तक लिहिणाऱ्यानं ती रडण्याच्या मधे ठेवली आणि पुढे रडत राहिला. बाई, सात महिने तू तोंड मिटून का होईना, दर रविवारी जाऊन बसतेस. ज्याच्यावर रागावली आहेस त्याच्याच घरात जाऊन बसतेस. आशा नसलेली बाई घरी बसली असती.

मुलगा परत भेटेल का, असं तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते आहे. भेटेल, असं मी मानते. कसा, केव्हा, ते मला सांगता येणार नाही. प्रेषित पौलानं करिंथकरांना बी मातीत जातं आणि रोप होऊन उठतं, असा दाखला दिला, त्याच्यापुढे माझी समज जात नाही. पण एका गोष्टीवर मी फार वर्षं विचार केला आहे. मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूच्या हातांत खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. देवानं नवं शरीर दिलं, मरणावर जय दिला, पण खुणा बुजवल्या नाहीत. खात्री पटत नसलेल्या थोमा या शिष्याला त्यानं त्याच दाखवल्या. म्हणून ‘यातून बाहेर ये, सगळं विसरून नव्यानं सुरुवात कर’ असं कुणी म्हटलं तर मान हलव आणि सोडून दे. नवं होणं म्हणजे मुलगा नव्हताच असं होणं, हे ख्रिस्ती शिक्षण नाही. तू ज्या दिवशी पुन्हा हसशील, त्या दिवशीही तू त्याचीच आई असशील.

आपल्याच मुलखातल्या दोन बायांची आठवण होते. पंडिता रमाबाईंनी आई-वडील दुष्काळात गमावले, मग भाऊ, मग नवरा, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं काम करत होत्या. ते त्यांनी सोडलं नाही. पुढच्या एप्रिलच्या ५ तारखेला त्या स्वतः गेल्या. दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक ९ मे १९१९ ला गेले, तेव्हा त्यांनी ओव्यांत लिहायला घेतलेलं ख्रिस्तचरित्र अर्धवट पडलं होतं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पुरं केलं. हे वाचून ‘त्या बघ आणि मी बघ’ असं स्वतःला मारू नको. सातव्या महिन्यात त्या दोघी काय करत होत्या, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला फक्त दाखवायचं आहे की त्या ज्याला धरून उठल्या ते काम त्यांचं रोजचं होतं, हाताशी होतं, आणि गेलेल्या माणसाशी जोडलेलंही होतं. तुझ्या हाताशी काय आहे ते आज ठरवायची गरज नाही.

आता हेल्मेट. तुझ्या नवऱ्याला ते काढायला सांगू नको. माझे यजमान भिंत रचत होते, तुझे हेल्मेट पुसतात. मी तेव्हा समजायचे की यांना काही वाटतच नाही. पुढे आमची बदली झाली, सामान टेम्पोत भरून झालं आणि हे सापडेनात. भिंतीपाशी सापडले, शेवटचा दगड बसवत होते. पोरीला मागे ठेवून जायचं होतं, निदान गुरं तरी आत येऊ नयेत, म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र रडलो. याकोबानंही आपला मुलगा योसेफ मेला असं समजून सांत्वन करून घ्यायला नकार दिला होता. तो नकार म्हणजे पोरावरचं प्रेमच होतं. तू एवढंच कर. ते पुसत असताना शेजारी जाऊन बस. बोलू नको. काच पुसायला ओलं फडकं पुढे कर.

मुलाची कबर अजून बांधलेली नसेल. पावसाळा मधे गेल्यानं माती खाली बसली असेल. ईस्टरच्या आदल्या शनिवारी दोघं मिळून जा, दोन घमेली माती भरा, वर पाणी शिंपडा. पहाटेच्या उपासनेला थांबायचं की नाही, ते तिथं ठरवा.

मावशी, नमस्कार.

मी हिंदू आहे. माझ्या ऑफिसमधल्या जवळच्या मैत्रिणीची आई वारली, ती ख्रिस्ती आहे. तुमच्यात दहावा-तेरावा असतो का? भेटायला कधी जावं, काय न्यावं, काय बोलावं? चर्चमध्ये आम्ही आलेलं चालतं का? चुकून काही वेडंवाकडं व्हायला नको म्हणून मी अजून गेलेच नाही.

— कल्याणची एक वाचक

बाळ, आजच जा. उशीर झाला म्हणून संकोचू नको. पहिल्या चार दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, खरी गरज दुसऱ्या आठवड्यात लागते.

दहावा-तेरावा आमच्यात नसतो, सुतकही पाळत नाहीत. प्रेत पेटीत ठेवतात, घरी आणि चर्चमध्ये प्रार्थना होते, मग दफन. कबरीत पेटी उतरवली की जमलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. मूठमाती हा शब्द तुझ्या माझ्या दोघींच्या घरातला आहे, त्यामुळे तुला तिथं परकं वाटणार नाही. नंतर घरी प्रार्थना असते, कुठं तिसऱ्या दिवशी, कुठं महिन्यानं, कुठं चाळिसाव्या दिवशी. घरागणिक वेगळं. वसईकडचे कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, आमच्याकडे ईस्टरच्या पहाटे जातात. चर्चमध्ये तू जरूर जा. सगळे उभे राहिले की उभी राहा, बसले की बस. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी, असेल तेव्हा जागेवर बसून राहिलीस तरी कुणाला काही वाटत नाही.

न्यायचं तर डबा ने. त्या घरात स्वयंपाक होत असला तरी कुणी मन लावून जेवत नाही. साधं काहीतरी, वरणभात, पिठलं-भाकरी. डबा परत मागू नको, म्हणजे तो आणायच्या निमित्तानं पुन्हा जाता येईल. काय बोलावं हे विचारलंस. तिच्या आईला तू भेटली असशील तर त्यांची एखादी आठवण सांग, कपड्यांची, स्वयंपाकाची, कशाचीही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लोक घाबरतात, आणि घरच्यांना तर तेच ऐकायचं असतं. भेटली नसशील तर विचार, कशा होत्या गं? आणि मग ऐक.

मावशींना ख्रिस्तात सलाम.

वय एकसष्ट. पत्नीला कर्करोग होता, दोन वर्षांपूर्वी ती प्रभूजवळ गेली. मुलगी परदेशी असते. मी एकटा. रात्री तीनला जाग येते ती परत झोप लागत नाही. गॅस पेटवायचाच कंटाळा येतो, चहा-बिस्किटावर दिवस जातो. डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या आहेत, मनाच्या आजाराच्या. महिन्याभरात थोडा फरक वाटतोय. पण आमच्या प्रार्थना गटातले एक बंधू म्हणतात, ख्रिस्ती माणसानं असल्या गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नसणं. मी गोळ्या बंद कराव्यात का?

— एक वाचक, सोलापूर

सलाम भाऊ. बंद करू नका. हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं, पण संपादक छापणार नाहीत. अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास वाढू शकतो. कमी करायच्या तर त्या डॉक्टरांनाच विचारून करा. मी चौतीस वर्षं नर्स होते, लोकांना हे सांगता सांगता माझी चौतीस वर्षं गेली.

त्या बंधूंचा हेतू वाईट नसेल, पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे. मधुमेहाची गोळी घेताना त्यांना कुणी विश्वासाचा हिशेब विचारत नाही. पौल लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताबरोबर एक वैद्य फिरत होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आणि एलीया संदेष्टा बघा, बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस रानात एका झाडाखाली बसून म्हणतो, परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे. मग झोपतो. देवानं त्याला उपदेश केला का? देवदूत आला, त्यानं त्याला हात लावून उठवलं, ‘ऊठ, खा’ म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी होतं. तो जेवला आणि परत झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा जेवूच घातलं. देव त्याच्याशी बोलला तो कितीतरी पुढे, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगर गाठल्यावर. आधी झोप आणि भाकर. मी आजाऱ्यांच्या खाटांशेजारी जेवढं पाहिलं, त्यावरून सांगते, हा क्रम बरोबर आहे.

तीन वाजता जाग आली की अंथरुणात तळमळत पडू नका. दिवा लावा, उठून बसा. प्रार्थना येत नसेल तर वहिनींचं नाव घ्या आणि गप्प बसा. आपल्याला काय मागावं हे कळत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो, हे रोमकरांस पत्रात लिहिलेलं आहे. तुमच्या नुसत्या उसाशालाही तो प्रार्थनाच समजतो. पण एलीयासारखं ‘आता पुरे’ असं मनात यायला लागलं, जगणंच नको वाटायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली मानसचा क्रमांक आहे, फुकट लागतो, रात्रीसुद्धा, आणि मराठीत बोलता येतं. मुलीलाही सांगा. तिला काळजी नको म्हणून तुम्ही लपवत असाल, आणि लपवलेलं तिला फोनवरच्या आवाजावरून कळत असेल.

राहिलं जेवण. उठलेला प्रभू तिबिर्या समुद्राच्या काठी शिष्यांना भेटला, तेव्हा त्यानं कोळशांचा विस्तव केला होता, त्यावर मासळी होती, भाकर होती. रात्रभर जाळं टाकून काहीच न मिळालेल्या माणसांना तो म्हणाला, या, न्याहारी करा. मला शुभवर्तमानातली ही जागा सर्वांत आवडते. आपल्याला नाकारलेल्या पेत्र या शिष्याशी जे अवघड बोलायचं होतं, ते त्यानं त्याचं पोट भरल्यावर काढलं.

तर आज संध्याकाळी खिचडी लावा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, धुऊन घ्या. तेलात जिरं, हिंग, हळद टाका, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून घाला, मीठ, चार वाट्या पाणी. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि वाफ जिरू द्या. एवढी खिचडी एकट्याला जास्त होते. उरलेली ताटलीत झाकून शेजारी द्या, आणि ताटली घ्यायला सकाळी स्वतः जा.